पहिलीतल्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं

जूनमध्ये आमच्या पहिलीत येणाऱ्या बऱ्याच मुलांना ‘क कमळाचा’पासून ‘ज्ञ यज्ञाचा’पर्यंत सगळं तोंडपाठ असतं. फळ्यावर ‘नाक’ लिहिलं की मात्र सगळे गप्प. म्हणून पालकसभेत मी पहिल्यांदा हेच सांगते: आधी सगळी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी आणि शेवटी शब्द, हा क्रम सोडा. चार-पाच अक्षरं आणि काना ओळखता आला की लगेच शब्द वाचायला द्या.

मी क, म, र, ल, न आणि काना घेते. एवढ्यातच काका, मामा, नाक, कान, मान, काम, मला, मामाला असे कितीतरी शब्द होतात. ‘कमल, काम कर’ हे वाक्यसुद्धा. पुढे दुसरी वेलांटी आली की काकी, मामी आणि ‘मी काम करीन’. (करतं कोणी नाही, वाचतात मात्र जोरात.) पहिली वेलांटी मी मागाहून देते. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, तिथे मुलं अडतात. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी बहुतेक दुसरीच वेलांटी येते, तेव्हा ती आधी शिकवली की वाचायला शब्द भरपूर मिळतात.

आजोबा मंडळी विचारतात, ‘मग आमचं गमभन चुकीचं होतं का?’ मुळीच नाही. ग, म, भ, न यांची वळणं सारखी, एकावर हात बसला की पुढचं सोपं जातं. गिरवायला तो क्रम उत्तमच. पण ज्या सारखेपणाने हाताचं काम हलकं होतं, त्यानेच डोळा फसतो. म आणि भ, घ आणि ध, प आणि ष एकाच आठवड्यात शिकवलीत तर मूल कितीतरी दिवस घोळ घालत बसेल. वाचनात या जोड्या लांब ठेवा. एक पक्कं झालं की मगच दुसरं.

खरं घोडं अडतं ते अक्षरं जोडताना. मूल ‘क... म... ल’ म्हणतं आणि आपल्या तोंडाकडे बघत राहतं. तेव्हा ‘कमल’ सांगून मोकळं होऊ नका. शब्दाचा शेवट बोटाने झाका, ‘कम’ वाचू द्या, मग बोट काढा. पाटी न घेताही हा सराव होतो. भाजी निवडताना विचारा, ‘ना... क, काय झालं?’ तोंडी जोडता आलं की पाटीवरचं पटकन जमतं. आणि चित्राखालचा शब्द वाचताना चित्रावर हात ठेवा. माठाचं चित्र बघून ‘मडकं’ म्हणणारं पोर हुशार खरं, पण ते वाचत नाहीये.

च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, हे समजावत बसू नका. ‘चार’ आणि ‘चारा’ वाचताना मूल दोन्ही उच्चार करून बघतं आणि ओळखीचा शब्द लागला की थांबतं. पण त्यासाठी शब्द त्याच्या कानावरचा हवा. आमच्या पालघर जिल्ह्यात कितीतरी मुलं घरी वारली बोलतात, म्हणून सुरुवातीचे शब्द मी त्यांनाच विचारून घेते. याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला मिळेल ते शिकवायला वापरायचं, ही त्यांची रीत मला अजून पुरते: चिंचोके मांडून अक्षर काढायला खडूसुद्धा लागत नाही.

जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, आणि रफार त्याच्याही नंतर. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दुसरीत बघू.

दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. मूल कंटाळलं की पाटी बाजूला ठेवायची. दिवाळीनंतरही दोन अक्षरं जोडता येत नसतील तर शिकवणी लावायच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि बाईंना सांगून त्याला पुढच्या ओळीत बसवा.