तीन मीटरच्या आत चार जागा : पॅकेजिंग शिकायला टोयोटा आयक्यू

व्हेइकल पॅकेजिंगमध्ये, म्हणजे गाडीत माणसं, इंजिन, टाकी कुठे बसवायची ते ठरवण्याच्या कामात, नवे येणारे बहुतेकजण आधी बाहेरचा आकार काढतात आणि मग आत माणसं कोंबतात. घोळ तिथेच होतो. २००८ साली जपानमध्ये विक्रीला आलेली आयक्यू अभ्यासाला घ्या : लांबी २९८५ मिमी, रुंदी १६८०, उंची १५००, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) २०००, सगळं मिमीमध्ये.

आलेखाचा कागद ए-३ घ्या. १:१० प्रमाणात गाडी २९८.५ मिमी भरते, ए-४ दीड मिलिमीटरने तोकडा पडतो. आधी चाकं काढा. टायर १७५/६५ आर १५ (रुंदी १७५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), म्हणजे व्यास साधारण ६०८. लांबीतून व्हीलबेस वजा केला की ९८५ उरतात. त्यातले ६०८ पुढच्या चाकाचा पुढचा अर्धा आणि मागच्याचा मागचा अर्धा खातात. टायरच्या बाहेर, दोन्ही टोकं मिळून, उरलं ३७७. दीड वीत आणि वर थोडं!

चाक इतकं टोकाला न्यायचं कसं? आडव्या इंजिनाच्या नेहमीच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच) इंजिनच्या मागे असतो, म्हणून इंजिन चाकांच्या पुढे लोंबतं. इथे तो इंजिनच्या पुढे आणला. चाकं पुढे गेली, पण चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंग गिअरची खालची जागा गेली, तो वर चढवावा लागला. एसीचं युनिट लहान करून मधोमध घेतलं, त्यामुळे चालकाशेजारचा डॅशबोर्ड आत घेता आला. चालकाशेजारची सीट पुढे सरकते आणि तिच्या मागे मोठा माणूस बसतो. चालक मात्र पेडल आणि स्टिअरिंगला बांधलेला, त्याच्या मागे लहान मूल नाहीतर पिशव्या. तीन अधिक एक म्हणतात ते हेच. तुमच्या कागदावर कोणता भाग कोणाला ढकलतो ते बाणांनी दाखवा. नुसत्या मापांपेक्षा ते बाण जास्त शिकवतात.

टाकी सहसा मागच्या सीटखाली असते. इथे ३२ लिटरची चपटी टाकी फ्लोअरखाली आहे. विद्यार्थी फक्त लिटर मोजतात. चपट्या टाकीत पेट्रोल कमी असताना लांब वळण घेतलं की ते एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन अडखळतं. म्हणून आत आडव्या पट्ट्या आणि पंपाभोवती छोटं भांडं लागतं. त्यांची जागा आधीच धरा.

मागे बसणाऱ्याचं डोकं काचेच्या अगदी जवळ येतं, त्यासाठी मागच्या काचेवर पडद्यासारखी एअरबॅग दिली, जगात पहिल्यांदा.

हिला केई कार, म्हणजे जपानमधल्या ठरावीक मापांच्या छोट्या गाड्यांच्या वर्गातली, म्हणू नका. केईची मर्यादा ३४०० × १४८० × २००० मिमी आणि ६६० सीसी. आयक्यू ४१५ मिमीने आखूड, पण २०० मिमीने रुंद, इंजिन ९९६ सीसी. म्हणजे केईला मिळणाऱ्या करासारख्या सवलती नाहीत. केईत रुंदी बांधलेली असते, खेळायला उंची मिळते; म्हणून तिथे माणसं खुर्चीसारखी ताठ बसवतात. आपल्याकडची वॅगन आर त्याच घराण्यातली.

शेवटची तपासणी बरेचजण विसरतात. वळणाची किमान त्रिज्या ३.९ मीटर, म्हणजे चाक बरंच वळतं. पूर्ण वळलेलं टायर, सस्पेन्शन दाबलेल्या अवस्थेत, वरून पाहिल्यासारखं रेखाटा. चेसिसच्या लांब पट्टीला किंवा चालकाच्या पायांच्या जागेला ते घासत असेल तर इंजिनपासून पुन्हा सुरुवात करा.