सिगारेट सुटत नाही? निदान धूर तरी कमी करा

तलफ येते ती निकोटिनची. पण कॅन्सर आणि हृदयविकार मागे लागतात ते मुख्यतः धुरातल्या डांबरामुळे, कार्बन मोनॉक्साइडमुळे. म्हणून आजच सोडायची तयारी नसेल, तर काही सिगारेटींच्या जागी निकोटिन गम घेऊन बघा. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, तो विचार सोडा. आणि मशेरी किंवा हुक्का म्हणजे पर्याय नव्हे.

आधी दोन दिवस प्रत्येक सिगारेटची वेळ पाकिटावरच पेनाने लिहा. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटत असेल, तर बहुधा ४ मिग्रॅचा गम लागेल. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. २ मिग्रॅचा केमिस्ट असाच देतो. गरोदर असाल किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर कुठलाही गम डॉक्टरांना विचारूनच.

मग त्या यादीतली सगळ्यात बिनकामाची सिगारेट निवडा. बसची वाट बघतानाची, उगाच पेटवलेली. तिच्या वेळेआधी दहा-पंधरा मिनिटं गम तोंडात टाका, कारण त्याचा असर सिगारेटसारखा झटकन होत नाही.

खरी गफलत चावण्यात होते. मी पहिला गम साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला आणि उचक्या देत बसलो. लाळेबरोबर पोटात गेलेलं निकोटिन फारसं कामाचं नाही, ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जावं लागतं. तेव्हा सावकाश चावा, मिरीसारखी झणझण जाणवली की थांबा, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झणझण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावा, जागा बदला. असं अर्धा तास. मग कागदात गुंडाळून फेका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता आपली अडचण: चहा. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंड आंबट होतं आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. म्हणजे टपरीवर कटिंग हातात असताना गम कुचकामी.

आणखी एक. नुसत्या सिगारेटी मोजून कमी केल्या, तर उरलेल्या आपण नकळत खोल झुरके घेऊन ओढतो आणि हिशेब तिथेच येतो. गम लागतो तो यासाठी.

जमलं की आठवड्याला एकेक सिगारेट बदलत जा. अडलात तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. चहाबरोबरच्या सिगारेटीला मात्र सगळ्यात शेवटी हात घाला.