कमिट झाला, पण पेढे जरा थांबवा

ऑगस्ट महिना. मुलाचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचंय. तो एक्सवर फोटो टाकतो. अंगात एखाद्या आयव्ही कॉलेजची (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या खासगी विद्यापीठांपैकी एकाची) फुटबॉल जर्सी, खाली 'कमिटेड', म्हणजे याच कॉलेजकडून खेळणार. तासाभरात न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदन सुरू होतं आणि नाशिकला आजी पेढ्यांची ऑर्डर देते. खरं तर त्या दिवशी फक्त बोलणी झालेली असतात. याद्या व्हायच्या असतात.

बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये तोंडी कमिटमेंट कुणालाच बांधत नाही, ना मुलाला, ना कॉलेजला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा ठिकाणी तर आणखी एक गाठ आहे. कोच मुलगा निवडतो, पण प्रवेश देतं ॲडमिशन ऑफिस. कोचच्या हातात शिफारस असते, शिक्का नसतो.

'ऑफर आली' याचा अर्थ न विचारणं

आयव्हीचे कोच एकेका मोसमात पुष्कळ मुलांना ऑफर देतात आणि फुटबॉलसाठी एका कॉलेजात दरवर्षी साधारण ३० मुलं घेतली जातात. म्हणजे ऑफर मिळालेल्या बऱ्याच मुलांसाठी जागाच नसते. हे कळायला तीन प्रश्न पुरतात. माझा ट्रान्स्क्रिप्ट (शाळेतल्या ग्रेडचा उतारा) ॲडमिशन ऑफिसने पाहिला का? त्यांनी काय सांगितलं? लाइकली लेटरसाठी (प्रवेश जवळजवळ नक्की असल्याचं ॲडमिशन ऑफिसचं पत्र) तुम्ही माझं नाव पाठवणार का? कोच सरळ उत्तर देत असेल तर पुढे जा. 'तू आमच्या बोर्डवर (निवडीच्या यादीत) खूप वर आहेस' एवढ्यावरच गाडी अडत असेल, तर दुसऱ्या कॉलेजांचे कॅम्प सोडू नका.

हे प्रश्न मुलानेच विचारायचे. आपल्याकडे बाबा बोलतात, मुलगा शेजारी मान हलवतो. कोचला मात्र चार वर्षं त्या मुलाशीच बोलायचं असतं. बाबांनी पैशांचं बोलावं, बाकी गप्प बसावं. (हे मलाही जमलं नव्हतं.)

एसएटीवर सगळी भिस्त, किंवा तिच्याकडे पाठ

आयव्हीत अकॅडेमिक इंडेक्स नावाचा हिशोब असतो. शाळेतले ग्रेड आणि एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर मिळून एक आकडा निघतो आणि खेळाडूंची सरासरी बाकी विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ नये हे त्यावरून पाहिलं जातं. चांगला आकडा असलेला मुलगा कोचला आवडतो, कारण त्याच्यामुळे कमी आकड्याच्या एखाद्या जबरदस्त लाइनमनला घेता येतं. पण आपल्या घरांत याचा उलटाच अर्थ लावला जातो. 'एसएटीत १६०० पैकी १५४० आहेत, आता कोण नाही म्हणणार?' कोच आधी मुलाच्या खेळाची फिल्म बघतो. १५४० ने ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्याला अडवणं, होत नाही.

दुसऱ्या टोकाची घरंही आहेत. 'खेळात घेतायत ना, मग परीक्षा कशाला?' हार्वर्ड, डार्टमथ आणि ब्राऊन या तिघांनी २०२४ मध्ये स्कोअरची अट परत आणल्याचं जाहीर केलं. अकरावीच्या उन्हाळ्यापर्यंत हातात एक बरा स्कोअर नसेल, तर ट्रान्स्क्रिप्टचं प्राथमिक वाचन, ज्याला इथे प्री-रीड म्हणतात, अडकून पडतं. आणि कमिट झाल्यावर बारावीतलं एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस सोडून सोपा विषय घेणं हा तर स्वतःच्या पायावर धोंडा. लाइकली लेटर आलं तरी ग्रेड टिकवण्याची अट सुटत नाही.

'फुटबॉलची स्कॉलरशिप मिळाली' असं सांगणं

आयव्हीत खेळाची स्कॉलरशिप नाही. १९५४ च्या करारापासून नाही आणि २०२५ मध्ये बाकी मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली तेव्हाही आयव्ही त्यात उतरली नाही. मिळते ती घरच्या उत्पन्नावर ठरणारी मदत. स्टॅनफर्ड, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, व्हँडरबिल्ट इथे खेळाची स्कॉलरशिप असते. ॲम्हर्स्ट, विल्यम्स, एमआयटी अशा डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या) कॉलेजांत नसते. एमआयटीत तर कोचच्या वाट्याला राखीव जागाही नसतात.

म्हणून कमिट होण्याआधी कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता घरून किती भरावे लागतील याचा अंदाज) भरून पाहा आणि फायनान्शियल एड ऑफिसकडून अंदाज मागा. हार्वर्डने २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षण शुल्क माफ केलं आहे, त्यासाठी फुटबॉल खेळावा लागत नाही. यातली बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठी घरची मिळकत सांगायचा फॉर्म) भरून घेतात आणि त्यात दुसऱ्या मालमत्तेचाही प्रश्न असतो. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट तिथे लिहावा लागतो. 'तो भारतातला, त्याचा काय संबंध' हे उत्तर चालत नाही. आणि ते आधीच कळलेलं बरं.

अर्जाचा प्रकार न पाहणं

ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेन यांच्याकडे अर्ली डिसिजन आहे, म्हणजे प्रवेश मिळाला की जायचंच. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचा लवकरचा अर्ज बांधत नाही, पण त्या फेरीत दुसऱ्या खासगी कॉलेजात लवकरचा अर्ज करायला मर्यादा आहेत. तारीख साधारण १ नोव्हेंबर. कोचला शब्द दिला असेल तर तो याच फेरीची अपेक्षा धरतो. दोन कोचना शब्द देऊन ठेवणारी मुलंही असतात. कोच एकमेकांशी बोलतात, एवढंच सांगतो.

फेब्रुवारीत शाळेच्या जिममध्ये कॉलेजांच्या टोप्या मांडून, निवडलेल्या कॉलेजच्या कागदावर सही करायचा सोहळा असतो. आयव्हीत जाणाऱ्या मुलाने हौस म्हणून जरूर बसावं, फोटो छान येतात. आयव्हीत त्या कागदाला वजन मात्र काहीच नाही.

अडलंच तर

लाइकली लेटर १ ऑक्टोबरपासून निघू शकतं आणि हाच पहिला लेखी कागद ज्यावर विसंबता येतं. ऑक्टोबर सरत आला आणि काहीच आलं नाही, तर ताटकळत बसू नका. मुलाने फोन करून विचारावं, 'माझी फाइल समितीकडे गेली का?' प्री-रीड नकारार्थी आलं तर त्या कॉलेजचा नाद सोडायचा, पुढच्या सेमिस्टरच्या ग्रेडवर आशा लावायची नाही. गुडघा दुखावला तर लपवू नका. कोचला ते दुसऱ्याकडून कळलं की विश्वास जातो. आणि हेड कोचच बदलला, तर नव्या कोचकडे तेच तीन प्रश्न पहिल्यापासून. जुन्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो.

तोवर जानेवारीच्या फेरीचे पाच-सहा अर्ज निबंधांसकट तयार ठेवा. डिसेंबरच्या मध्याला कॉलेजचं अधिकृत पत्र आलं की आजीला फोन करा. पेढे तेव्हाही मिळतात.