मुलांना कोरडा खोकला झाला तर घरी काय करायचं, स्टेप बाय स्टेप

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको, मेट्रोचं काम, डंपर, खिडकीच्या ग्रिलवर रोज धुळीचा थर, आणि थंडी सुरू झाली की रात्री पोरं ठो ठो खोकतात. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, गेल्या थंडीत आठवडाभर आम्ही कोणीच नीट झोपलो नाही, तेव्हा जे शिकले ते लिहितेय.

१. औषध शोधायच्या आधी श्वास मोजा. मूल झोपलेलं असताना बनियन वर करायचं, मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि पोट किती वेळा वर येतं ते बघायचं, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त आले तर त्याच दिवशी डॉक्टर. फासळ्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर झालेत, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. दोन महिन्यांच्या आतलं बाळ खोकलं तर घरी काहीच करत बसू नका, दाखवा.

२. एक वर्ष पूर्ण झालं असेल तर झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध, नुसताच. आम्ही हेच केलं आणि रात्रीचा खोकला बराच कमी झाला. वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, घरातल्या मोठ्यांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगा.

३. नाक चोंदलं असेल तर सलाईनचे म्हणजे मिठाच्या पाण्याचे तयार थेंब टाका, कारण आडवं झालं की नाकातलं पाणी घशात उतरतं आणि खोकला सुरू होतो. दिवसभर कोमट पाणी, वरणाचं पाणी, सूप थोडं थोडं. सहा महिन्यांच्या आत फक्त दूध, पण जास्त वेळा.

४. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कॉईल, धूप, अगरबत्ती बंद. उकळत्या पाण्याचं पातेलं मुलासमोर ठेवून वाफ देऊ नका, भाजण्याची भीती असते.

५. कपाटातली जुनी कफ सिरपची बाटली काढू नका, केमिस्टकडून मनाने आणूही नका. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या सिरपने लहान मुलं गेली, ती बातमी वाचून माझे हातपाय गार पडले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला किंवा धावल्यावर, पहाटे परत परत येत असेल तर दाखवायचंच, दमा किंवा टीबीही असू शकतो. आणि शेंगदाणे-चणे खाताना एकदम ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तर लगेच निघा आणि डॉक्टरांना खाण्याचं आधी सांगा, दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो.