खानदेशातील जलाशयावर शिडाच्या होडीची साप्ताहिक शर्यत

शिडाच्या होड्यांची शर्यत म्हटली की मुंबईचे बंदर किंवा पुण्याजवळचे खडकवासला डोळ्यांसमोर येते. परंतु या खेळाला खारे पाणी लागतेच असे नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत आयएलसीए-४ या एकट्याने चालवायच्या लहान शिडाच्या होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळविणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याची असून तिची तयारी भोपाळच्या बड्या तलावावर झाली. तापी खोऱ्यात हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर असे जलाशय आहेत आणि पाच-सहा होड्या व तितकेच उत्साही लोक एकत्र आले तर दर रविवारी शर्यत घेणे अवघड नाही. नव्या स्पर्धकाने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. अशा शर्यतीचा निकाल होडीच्या वेगापेक्षा प्रारंभरेषा वेळेवर ओलांडण्यावर आणि वाऱ्याची बदलती दिशा ओळखण्यावर अधिक ठरतो. नवे शीड विकत घेण्यापूर्वी या दोन गोष्टी शिकाव्यात.

होडी पाण्यात उतरविण्याआधी पाटबंधारे विभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे त्या जलाशयाचा ठेका असेल, तिच्या लोकांना प्रत्यक्ष भेटावे. जाळी कोठे टाकली आहेत, पाण्याखाली बाभळीची खोडे किंवा बुडालेल्या गावाच्या भिंती कोठे आहेत, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. रब्बीची आवर्तने सुटू लागली की पातळी उतरते आणि ऑक्टोबरमध्ये निर्धोक असलेली जागा फेब्रुवारीत डॅगरबोर्ड, म्हणजे होडीच्या मध्यातून पाण्यात उतरणारी फळी, अडकविते. म्हणून शर्यतीचा मार्ग दर महिन्याला नव्याने तपासावा. धरणाच्या भिंतीपासून, दरवाजांपासून आणि सांडव्यापासून दूर राहावे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडलेले असताना तेथे होडी नेण्याचा विचारही करू नये. हिवाळ्यात त्याच जलाशयाच्या उथळ भागांत स्थलांतरित पक्षी उतरतात, तेव्हा तो भाग मार्गातून वगळावा. वाघूरचे पाणी जळगाव शहर पिते. त्यामुळे बचावाच्या मोटारबोटीत इंधन काठापासून दूर भरावे आणि तेलाचा थेंबही पाण्यात पडू देऊ नये.

होडीची निवड साधी ठेवावी. लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट आणि मोठ्यांसाठी एकट्याने चालविण्याची आयएलसीए, जिला जुने लोक अजूनही लेझर म्हणतात, या दोन्ही प्रकारांच्या जुन्या होड्या शोधल्यास मिळतात. आयएलसीएची लांबी ४.२३ मीटर असते आणि त्याच सांगाड्यावर तीन आकारांची शिडे बसतात, त्यामुळे वजनाने हलका मुलगा आणि धिप्पाड माणूस दोघांनाही ती चालते. शिडावरचे लोकरीचे बारीक धागे, म्हणजे टेलटेल, शाबूत आहेत की नाहीत, सुकाणूचा दांडा ढिला झाला आहे का आणि पाणी काढण्याचे बूच बसले आहे का, एवढे प्रत्येक वेळी पाहावे.

शर्यतीचा मार्ग सामान्यतः वाऱ्याच्या दिशेवर बेततात. पहिला बोया, म्हणजे पाण्यावर तरंगती खूण, वाऱ्याच्या उगमाकडे आणि दुसरा वाऱ्याच्या वाहत्या बाजूला असतो. कोणतीही होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन धरून आधी एका बाजूने, मग टॅक करून, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून, दुसऱ्या बाजूने अशी नागमोडी चढते. निकाल बहुतेक वेळा याच चढाच्या टप्प्यात ठरतो, कारण येथे प्रत्येक होडीला स्वतःची वाट निवडावी लागते. बोये लावणाऱ्याने ते टेकडीच्या किंवा भिंतीच्या आडोशात लावू नयेत, कारण अशा अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत वारा विस्कळीत झालेला असतो आणि तेथे कौशल्याला वाव राहत नाही.

प्रारंभाची पद्धत एकदा समजली की भीती जाते. प्रारंभाला पाच मिनिटे असताना होड्यांच्या वर्गाचा झेंडा चढतो, चार मिनिटे असताना निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा चौकोन असलेला पी झेंडा चढतो, एक मिनिट उरले की तो उतरतो आणि वर्गाचा झेंडा उतरला की शर्यत सुरू होते. सोबत शिट्टी किंवा भोंगा वाजतो, परंतु वेळ मोजायची ती झेंड्यावरून. आवाज ऐकू आला नाही ही सबब चालत नाही. पाण्यात टिकणारे साधे डिजिटल घड्याळ मनगटावर असावे आणि ते पहिल्या झेंड्याबरोबर सुरू करावे.

त्या पाच मिनिटांत करण्याचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे प्रारंभरेषेचे कोणते टोक लाभाचे आहे हे ठरविणे. रेषेच्या मध्यावर जाऊन शीड सैल सोडावे आणि होडीचे नाक थेट वाऱ्याकडे वळू द्यावे. नाक ज्या टोकाकडे झुकलेले दिसेल ते टोक वाऱ्याच्या अधिक जवळ असते. हा फरक किरकोळ नसतो. १०० मीटर लांबीची रेषा वाऱ्याच्या आडव्या दिशेपासून १० अंशांनी कललेली असेल, तर लाभाच्या टोकावरून निघणारी होडी दुसऱ्या टोकावरील होडीपेक्षा सुमारे १७ मीटर, म्हणजे आयएलसीएच्या चार लांब्या, पुढे निघते, आणि तेवढे अंतर निव्वळ वेगाने भरून काढायला सबंध शर्यत पुरत नाही. मात्र लाभाच्या टोकावर गर्दी होतेच. नवशिक्याने त्या गर्दीत शिरण्यापेक्षा टोकापासून थोडे हटून, डाव्या-उजव्या बाजूला मोकळे पाणी ठेवून निघावे. दुसऱ्याच्या शिडाआड सापडलेल्या होडीला मिळणारा वारा मंद आणि वाकडा असतो, म्हणून मोकळा वारा मला टोकापेक्षा अधिक मौल्यवान वाटतो. शेवटच्या मिनिटात रेषेपासून दोन-तीन होड्यांच्या अंतरावर शीड सैल ठेवून थांबावे आणि अखेरच्या काही सेकंदांत शीड खेचून वेग घ्यावा. झेंडा उतरण्याआधी होडीचा कोणताही भाग रेषेपलीकडे गेला असल्यास निळा क्रॉस असलेला पांढरा एक्स झेंडा चढतो; मग निमूटपणे मागे येऊन पुन्हा निघावे.

आता वाऱ्याविषयी, कारण खानदेशात हाच मुख्य विषय आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा असल्यामुळे तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पन्हाळीसारखे आहे आणि पश्चिमेचा वारा त्यातून जोराने वाहतो. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या काही उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखे असते आणि ऊन तापल्यावर मंद, लहरी वारा सुटतो; म्हणून त्या दिवसांत शर्यत उशिरा सकाळी किंवा दुपारी ठेवावी. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा बळावतो, परंतु उष्मा असह्य असतो, तेव्हा संध्याकाळच्या आधीचे दोन तास पुरेत. जमिनीने वेढलेल्या पाण्यावर वारा एका दिशेने कधीच राहत नाही. तो काही मिनिटे डावीकडून, काही मिनिटे उजवीकडून येतो आणि मधूनच झोत देतो. खळ्यावर धान्य उपणताना वाऱ्याची वाट पाहिलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागणार नाही.

या बदलांचा उपयोग करण्याचा नियम सोपा आहे, पाळणे मात्र कठीण. चढाच्या वेळी वारा असा फिरला की होडीचे नाक बोयापासून दूर ढकलले जात आहे, आणि तो बदल क्षणिक नाही अशी खात्री पटली, तर टॅक करावे. दुसऱ्या बाजूला तोच बदल होडीला बोयाच्या जवळ नेतो. वारा अनुकूल फिरला तर आहे त्याच टॅकवर राहावे. सरळ मोजायचे तर वाऱ्याच्या आडव्या दिशेत १०० मीटर अंतर असलेल्या दोन होड्यांपैकी, वारा जिच्या बाजूला १० अंश सरकला, ती चढाच्या दिशेत सुमारे १७ मीटर कमावते. याच कारणाने एखाद्या बाजूच्या अगदी टोकाला जाण्याचा जुगार खेळू नये. वारा विरुद्ध फिरला तर गमावलेले अंतर परत येत नाही. शर्यतीपूर्वी अर्धा तास पाण्यावर राहून वारा किती वेळाने आणि किती फिरतो हे काठावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा देवळाच्या कळसाच्या रोखाने पाहून ठेवावे. पाण्यावर पुढे सरकणारा काळसर पट्टा म्हणजे येणारा झोत होय. तो पोहोचण्याआधीच अंग बाहेर झुकवावे आणि शीड किंचित सोडावे, म्हणजे होडी कलण्याऐवजी पुढे झेपावते. वारा मंद असेल तेव्हा उलट पुढे सरकून बसावे, हालचाली कमी ठेवाव्यात आणि शीड फार घट्ट ओढू नये.

नियम जागतिक सेलिंग संघटना दर चार वर्षांनी नव्याने छापते आणि सध्या २०२५ ते २०२८ ची आवृत्ती लागू आहे. आरंभी तीन पुरेत. बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, डाव्या बाजूला असेल तर होडी स्टारबोर्ड टॅकवर, उजवीकडे असेल तर पोर्ट टॅकवर असते; समोरासमोर आल्यास पोर्टवाल्याने वाट द्यावी. दोघे एकाच टॅकवर बरोबरीने चालत असतील तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या होडीने दूर राहावे, आणि मागून येणाऱ्याने पुढच्याला अडवू नये. बोयापाशी तीन होड्यांच्या लांबीचे वर्तुळ सुरू होताना आतल्या बाजूला असलेल्या होडीला वळायला जागा द्यावी लागते, मात्र चढाच्या टप्प्यात परस्परविरुद्ध टॅकवरील होड्यांना हा नियम लागू होत नाही. बोयाला स्पर्श झाला तर एक पूर्ण फेरी आणि दुसऱ्या होडीबाबत चूक झाली तर दोन फेऱ्या घेऊन शर्यत पुढे चालू ठेवता येते. हक्क आपला असला तरी धडक टाळणे आपलेही कर्तव्य आहे.

सुरक्षेबाबत तडजोड नसावी. लाइफ जॅकेट काठावरच घालावे आणि एक मोटारबोट सतत पाण्यावर असावी. होडी उलटली तर तिला सोडून पोहत जाऊ नये. डॅगरबोर्डवर उभे राहून, नाक वाऱ्याकडे असताना कड धरून मागे झुकल्यास ती सरळ होते. वळवाच्या दिवसांत पश्चिमेला काळे ढग जमू लागले किंवा गडगडाट ऐकू आला की शर्यत तेथेच थांबवावी, कारण ॲल्युमिनियमची डोलकाठी उघड्या पाण्यावर विजेला बोलावते.

गुणमोजणीत पहिल्याला १, दुसऱ्याला २ असे गुण असतात आणि कमी बेरीज असलेला जिंकतो. गैरहजराला मालिकेतील होड्यांपेक्षा एक अधिक गुण मिळतो आणि बहुधा सर्वांत वाईट निकाल वगळता येतो. सहा होड्यांच्या आठ शर्यतींत चार वेळा पहिला येऊन चार वेळा घरी राहिलेल्याची बेरीज एक निकाल वगळून २५ होते, तर दर वेळी तिसरा येणाऱ्याची २१. होड्या वेगवेगळ्या प्रकारच्या असतील तर पोर्ट्समथ पद्धतीने प्रत्येकीला एक क्रमांक देतात. लागलेला वेळ हजाराने गुणून त्या क्रमांकाने भागावा. समजा ११०० क्रमांकाची होडी ४४ मिनिटांत आली, तर तिचा सुधारित वेळ ४० मिनिटे. १६०० क्रमांकाची संथ होडी ६० मिनिटांत आली, तर तिचा साडेसदतीस मिनिटे आणि पहिला क्रमांक तिचा. हा हिशेब त्याच दिवशी काठावर सर्वांसमोर करावा आणि वहीत प्रत्येक शर्यतीच्या निकालाशेजारी वाऱ्याची दिशा, जोर व जलाशयाची पातळी लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या रविवारी बोये कोठे लावायचे यावर वाद घालावा लागत नाही.