मोबाईलवर काय, फळ्यावर काय
दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गणित शिकवते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर स्कॅन करा, धड्याचं साहित्य उघडतं. व्हिडिओ पहाटे, रेंज असताना डाउनलोड करून ठेवा. दुपारी लाईन गेली तरी चालतो. न समजलेला भाग पोरगं तीनदा मागे नेऊन पाहतं, ही मोबाईलची खरी ताकद. एका फोनवर दोनच पोरं बसवा.

हातच्याची वजाबाकी मात्र वर्गातच शिकवा. हातचा घेताना पोरीची पेन्सिल थांबते, ती हळूच शेजारणीच्या पाटीकडे बघते. तिथंच वाकून विचारायचं असतं, “कुठं अडलं गं बाई?” व्हिडिओला ते दिसत नाही.

कापूस वेचणीत हजेरी घटते. तेव्हा रोज संध्याकाळी मायच्या फोनवर दोनच गणितं पाठवा आणि वही शाळेत तपासा.