मिठाचं पाणी, दीड देव आणि बादलीतला गणपती: मुलांना धर्माची ओळख कशी करून द्यावी

घरात पूजा, आरती, सणवार चालू असतात. मूल "हे का करायचं?" असं विचारतं, तेव्हा बहुतेक वेळा "असंच असतं" किंवा "देव रागावेल" एवढंच ऐकायला मिळतं. पहिल्या उत्तराने प्रश्न विचारणं थांबतं, दुसऱ्याने भीती बसते. उपनिषदं तर प्रश्नोत्तरांनीच भरलेली आहेत, आणि त्यांतले काही प्रयोग स्वयंपाकघरात करता येतात. म्हणून आधी हाताला आणि जिभेला काहीतरी द्या, शब्द नंतर.

वेळ दिवेलागणीची धरा, दहा मिनिटं पुरतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला एक ठरलेलं काम द्या: वात तेलात भिजवणं, फुलं मांडणं किंवा घंटा. काडी मोठ्यांनीच ओढायची. शुभंकरोती रोज सोबत म्हटली की आपोआप पाठ होते, समोर बसवून घोकून घेऊ नका. या वयात अर्थ सांगायचीही घाई नको.

सहा-सात वर्षांचं मूल हमखास विचारतं, "देव नक्की किती?" परदेशात वाढणाऱ्या मुलांना तर हे शाळेतच कुणीतरी विचारतं. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्याने याज्ञवल्क्यांना हेच विचारलं होतं. पहिलं उत्तर आलं तीनशे तीन आणि तीन हजार तीन. "बरं, पण खरे किती?" तेहेतीस. पुन्हा तोच प्रश्न: सहा, मग तीन, मग दोन, मग दीड, आणि शेवटी एक. मुलाला शाकल्य करा आणि तुम्ही याज्ञवल्क्य व्हा. 'दीड'ला मुलं हसतात आणि क्रम लक्षात राहतो. यानंतर ऋग्वेदातलं 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति' सांगा: सत्य एकच, जाणते त्याला अनेक नावांनी हाक मारतात. देव्हाऱ्यात गणपती, बाळकृष्ण आणि कुलदेवता शेजारी शेजारी का, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

आठ वर्षांच्या पुढे मिठाचा प्रयोग करा. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणींनी तो मुलाला, श्वेतकेतूला करायला लावला. पारदर्शक पेल्यात साधारण २०० मिलिलिटर पाणी घ्या आणि त्यात सपाट एक छोटा चमचा मीठ मुलालाच टाकू द्या. पेला झाकून रात्रभर ठेवा. सकाळी म्हणा, "काल टाकलेलं मीठ काढून दे." ते मिळत नाही. मग स्ट्रॉने वरचं, मधलं आणि तळाचं पाणी थेंब-थेंब चाखायला द्या. सगळीकडे खारट. दिसत नाही, पण सगळीकडे आहे. आत्मतत्त्व तसं आहे, असं आरुणी सांगतात.

प्रयोग फसतो तो घाईमुळे. खडे मीठ टाकून लगेच चाखलं तर ते तळाशी बसलेलं असतं, खालचं पाणी जास्त खारट लागतं आणि मूल म्हणतं, "म्हणजे देव कुठेतरी जास्त असतो!" त्याचं काही चुकलेलं नसतं. बारीक मीठ घ्या, नीट ढवळा, रात्र जाऊ द्या. उरलेल्यातलं दोन-तीन चमचे पाणी ताटलीत घालून उन्हात ठेवा. ते आटलं की मीठ पुन्हा दिसतं. आरुणी आणि श्वेतकेतूच्या याच संवादातल्या 'तत्त्वमसि' ('ते तू आहेस') या वाक्याचा अर्थ शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य वेगवेगळा लावतात. त्यामुळे 'तूच देव आहेस' असं ठासून सांगायची गरज नाही, तुमच्या घरच्या परंपरेचा अर्थ सांगा.

कर्मफळ शिकवताना सगळ्यात जास्त जपा. एका कुंडीत मेथी पेरा, दुसरीत आंब्याची कोय. मेथी थोड्याच दिवसांत वर येते, आंबा मात्र फळायला वर्षं घेतो. पेरलेलं उगवतं, पण प्रत्येकाची वेळ वेगळी. मूल पडलं, की "बघ, खोटं बोललास म्हणून" असं कधीच म्हणू नका. कुणाचं आजारपण, अपंगत्व किंवा गरिबी ही मागच्या जन्मीच्या पापाची फळं, असंही सांगू नका. त्याने मूल दुःखी माणसाला मदत करण्याऐवजी त्याला दोष द्यायला शिकतं. कर्माचा विचार स्वतःच्या पुढच्या वागण्यासाठी वापरायचा, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायला नाही.

घरात कुणी गेलं तर "झोपले" म्हणू नका, लहान मुलं झोपायलाच घाबरतात. शरीर थांबलं, आता ते परत येणार नाहीत, हे आधी स्पष्ट सांगा. जुनं वस्त्र टाकून नवं घेण्याचा गीतेतला दृष्टांत त्यानंतर.

मूर्ती आणि देव यांतला फरक गणेशोत्सवात सहज कळतो. सहा ते आठ इंची, शाडूच्या मातीची मूर्ती आणा. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी "आपण देवाला इथे बोलावतो आहोत" आणि उत्तरपूजेच्या वेळी "आता निरोप देतो आहोत" असं सांगा, म्हणजे विसर्जनाचं रडू कमी होतं. मूर्ती पूर्ण बुडेल अशी बादली घ्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत बहुतेक माती खाली बसते. पाणी झाडांना घाला, माती वाळवून ठेवा. प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही, आणि अर्धवट तरंगणारा गणपती पाहून मूल बिथरतं.

संतकथा वय पाहून निवडा. रामेश्वराला न्यायचं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ पाच वर्षांच्या मुलालाही कळतात. गोरा कुंभारांच्या कथेत तान्हं बाळ तुडवलं जातं. ती दहाव्या वर्षापर्यंत थांबू द्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून चोखामेळा लपवू नका. पंढरपूरला गेलात तर महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी दाखवा. "ते आत का नाहीत?" हा प्रश्न येईलच. त्यांना जातीमुळे देवळाबाहेर ठेवलं गेलं, हे अन्यायाचं होतं, आणि हे मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, असं सरळ सांगा.